हरकत राखून : जासई ते उच्च न्यायालय

भूसंपादनाचे पैसे उचलताना पावतीवर सहीच्या वर एक ओळ लिहावी लागते : हरकत राखून रक्कम स्वीकारली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात या ओळीला फार मोल होतं. ती लिहिली, तर कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी दिवाणी न्यायालयात जायचा हक्क शाबूत राहायचा. न लिहिता सही केली, तर तो हक्क तिथल्या तिथे संपायचा. मुदतही बांधलेली होती. निवाडा जाहीर होताना शेतकरी हजर असेल तर सहा आठवडे. नसेल तर नोटीस हातात पडल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. ज्याला कुणी सांगितलं त्याने ओळ लिहिली. ज्याला कुणी सांगितलं नाही, त्याने पैसे मोजून घेतले आणि अंगठा उठवला.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाची, ओळख करून घ्यायला जासईइतकं योग्य गाव मला दुसरं दिसत नाही. पनवेलहून उरणला जाताना लागणारं हे उरण तालुक्यातलं गाव. खाडीकाठची खार जमीन, भातशेती, जवळपास मिठागरं, आणि आगरी-कोळी वस्तीचा मुलूख. १९७० मध्ये नव्या शहराची आखणी झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनाच्या फेऱ्यात सापडल्या. त्याच वर्षी १७ मार्चला सिडको स्थापन झाली. पुढे शेजारीच न्हावा-शेवा बंदर उभं राहिलं आणि १९८९ मध्ये सुरू झालं. मग कंटेनरची गोदामं आली, रुंद रस्ते आले, रेल्वे आली. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून निघालेला अटल सेतू जासईच्या शेजारच्या चिर्ल्याला येऊन टेकला. यातल्या प्रत्येक टप्प्याला जमीन लागली, आणि जमिनीच्या प्रत्येक वादाची वाट शेवटी एकाच इमारतीकडे जाते.

ती वाट पायऱ्यापायऱ्यांची आहे. बांधाचा, वाटणीचा, वहिवाटीचा दावा उरणच्या कोर्टात लागतो. मोठे दावे आणि गंभीर गुन्ह्यांचे खटले पनवेलला किंवा अलिबागला चालतात. अलिबाग हे जिल्हा न्यायालयाचं मुख्य ठिकाण. त्याच्या वर उच्च न्यायालय, आणि दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय त्याच्याही वर. पण दिल्लीला जाणं हा सरसकट हक्क नाही. तिथे आधी परवानगी मागावी लागते, आणि बहुतेकांना ती मिळत नाही. त्यामुळे जासईच्या माणसासाठी व्यवहारात शेवटचा शब्द उच्च न्यायालयाचाच असतो.

संविधानाच्या २१४ व्या अनुच्छेदाने प्रत्येक राज्याला उच्च न्यायालय दिलं, पण मुंबईचं उच्च न्यायालय संविधानापेक्षा सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांनी जुनं आहे. १८६१ च्या कायद्यानंतर राणीच्या सनदेने ते स्थापन झालं आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी त्याचं काम सुरू झालं. पंधरा न्यायाधीशांना मंजुरी होती, सुरुवात सातांवर झाली. पहिले मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉस. त्याआधी मुंबईत दोन स्वतंत्र न्यायव्यवस्था शेजारीशेजारी नांदत होत्या. एक होतं राजाच्या सनदेचं सुप्रीम कोर्ट. ते मुंबई बेटापुरतं, इंग्रजी कायद्याने चालणारं, बॅरिस्टरांचं. दुसरी होती कंपनी सरकारची सदर अदालत, मुंबईबाहेरच्या मुलखातल्या अपिलांसाठी. कोकणातल्या रयतेचे जमिनीचे आणि देण्याघेण्याचे तंटे वर गेलेच, तर या सदर अदालतीत जायचे. १८६२ ला दोन्ही एकत्र आणून एकच न्यायालय केलं.

एकत्र केलं खरं, पण सांधा अजून दिसतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आजही दोन बाजू आहेत : ओरिजिनल साइड आणि अपेलेट साइड. मुंबई शहर आणि उपनगरांतले मोठे दिवाणी दावे थेट ओरिजिनल साइडवर दाखल होतात. दाव्याच्या रकमेची मर्यादा २०२४ मध्ये वाढली. दहा कोटी रुपयांपर्यंतचे दावे आता शहर दिवाणी न्यायालयात जातात, त्यावरचे उच्च न्यायालयात. उरलेल्या महाराष्ट्राचं सगळं काम अपेलेट साइडवर. तिचे नियम वेगळे, दाखल करायच्या खिडक्या वेगळ्या, नंबर देण्याची पद्धत वेगळी. जासईहून शिवडी समुद्रापलीकडे दिसते, पण कायद्याच्या दृष्टीने जासई मुंबईबाहेरची. तिथल्या माणसाची फाइल अपेलेट साइडच्या कपाटात जाते, गडचिरोलीची नागपूरला जाते तशीच.

या न्यायालयाची फोर्टमधली इमारत कर्नल जेम्स फुलर यांनी आखली. १८७१ च्या एप्रिलमध्ये बांधकाम सुरू झालं, १८७८ च्या नोव्हेंबरमध्ये संपलं, आणि १८७९ च्या जानेवारीत तिथे पहिलं कामकाज झालं. लांबी ५६२ फूट. ओव्हल मैदानाकडून पाहिलं तर मधला उंच भाग आणि दोन्ही अंगांना अष्टकोनी मनोरे दिसतात. मनोऱ्यांवर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. आत सेंट्रल कोर्टात १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि न्या. दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. ज्यूरीने दोषी ठरवल्यावर टिळक जे बोलले, ते शब्द आता त्याच दालनाबाहेर संगमरवरात कोरलेले आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश छागला यांनी त्या शिळेचं अनावरण केलं. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली, त्याच न्यायालयाने अठ्ठेचाळीस वर्षांनी आरोपीचे शब्द भिंतीवर लावले. या इमारतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. रानडे आणि तेलंग इथे न्यायाधीश होते, आंबेडकरांनी इथे वकिली केली, गजेंद्रगडकर आणि चंद्रचूड इथून दिल्लीला गेले.

आता जासईच्या अपिलाचा प्रवास बघू. पनवेल किंवा अलिबागच्या न्यायालयाने मोबदला वाढवला, तर सरकार अपील करतं. पुरेसा वाढवला नाही, तर शेतकरी करतो. बहुतेक वेळा दोघंही करतात. याला पहिलं अपील म्हणतात. पहिल्या अपिलात उच्च न्यायालय पुरावा नव्याने तपासू शकतं, म्हणजे वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही खुले असतात. दुसरं अपील तसं नसतं. खालच्या दोन न्यायालयांतून आलेल्या दाव्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल, तरच उच्च न्यायालय हात घालतं. बांध कुणाचा यावर तिसऱ्यांदा साक्षी वाचत बसत नाही. हा फरक वकील समजावून सांगत नाहीत तेव्हा पक्षकार वर्षानुवर्षं भलतीच आशा धरून बसतो.

सरकारचं अपील आलं की पहिला झगडा स्टेचा. न्यायालय सहसा सांगतं, वाढीव रक्कम आधी कोर्टात जमा करा, मग स्थगिती. रक्कम जमा झाली की शेतकरी अर्ज करतो आणि त्यातला काही भाग जामिनावर किंवा हमीपत्रावर उचलतो. मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, टेम्पोचं डाउन पेमेंट असे खर्च याच पैशांवर निघतात, आणि डोक्यावर टांगती तलवार असते की अपील हरलो तर परत करावे लागतील. अपील ॲडमिट होतं. मग थांबायचं असतं. फाइलला पेपरबुक, म्हणजे प्रकरणातल्या सगळ्या कागदांचा संच, जोडायचं असतं. सातबारा, फेरफार, खरेदीखतं, पंचनामे सगळं मराठीत, आणि संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. म्हणून पानापानाचं भाषांतर करून घ्यावं लागतं. राज्य शासनाने १९९८ च्या जुलैमध्ये अधिसूचना काढून खालच्या न्यायालयांची भाषा मराठी केली आहे. त्यामुळे साक्ष मराठीत दिलेली असते, आणि तिच्यावरचा अंतिम निकाल शेतकऱ्याला वाचता येत नाही. एवढा मोठा निकाल ज्याच्यासाठी लिहिला, त्याला तो शेजारच्या शिकलेल्या पोराकडून समजून घ्यावा लागतो, ही मला या न्यायालयाची सर्वांत मोठी उणीव वाटते.

थांबण्याच्या काळात माणसं मरतात. अपीलकर्ता गेला की ठरलेल्या मुदतीत त्याचे वारस लावावे लागतात, नाहीतर अपील अबेट होतं, म्हणजे त्याच्यापुरतं संपतं. वारस लावायचे म्हणजे मृत्यूचा दाखला, मुलांची, सुनांची, सासरी गेलेल्या लेकींची नावं, पत्ते. आगरी घरांत जमीन अनेक भावांच्या सामाईक नावावर असते. एका निवाड्यात सुरुवातीला चार नावं असली, तर वीस वर्षांनी तीस होतात. एखादी लेक ठाण्याला, एखादा नातू पुण्याला. सगळ्यांच्या सह्या वकीलपत्रावर घेता घेता घरातला जो कोर्टाचं बघतो, त्याचं अर्धं आयुष्य जातं.

एक दिवस प्रकरण बोर्डावर येतं. कोणत्या न्यायाधीशासमोर येणार हे मुख्य न्यायाधीश ठरवतात. या कामवाटपाला रोस्टर म्हणतात, आणि तो सर्वस्वी त्यांचा अधिकार. काही कामं एकल न्यायाधीश ऐकतात, काही दोघांचं खंडपीठ, आणि दोन खंडपीठांची मतं परस्परविरोधी असतील तर तिघांचं किंवा त्याहून मोठं पूर्णपीठ. भूसंपादनाच्या अपिलात सरकारतर्फे सहायक सरकारी वकील उभा राहतो. युक्तिवाद मुख्यतः खरेदीखतांच्या दाखल्यांवर चालतो : शेजारच्या गावात त्या काळात गुंठा कसा गेला, ती जमीन हमरस्त्यापासून किती लांब, भराव किती लागणार, बिनशेती होण्यासारखी आहे का. छोट्या तुकड्याचा भाव मोठ्या क्षेत्राला तसाच लावता येत नाही, म्हणून विकासखर्चापोटी काही टक्के कापले जातात.

मूळ भावातल्या थोड्याशा फरकासाठी दोन्ही बाजू एवढ्या का झगडतात, हे हिशोब मांडल्याशिवाय कळत नाही. कायद्याने बाजारभाव धरायचा तो कलम ४ च्या अधिसूचनेच्या दिवसाचा. नवी मुंबईच्या मोठ्या भागासाठी हा दिवस १९७० मधला. निवाडे मात्र अनेक ठिकाणी पुष्कळ वर्षांनी झाले. १९८४ मध्ये संसदेने कायदा बदलला. बाजारभावावर द्यायची सक्तीच्या संपादनाची दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली, आणि अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताबा आधी घेतला असेल तर ताब्यापर्यंत, दरवर्षी १२ टक्के जादा रक्कम द्यायचं ठरलं. समजा, अधिसूचना १९७० ची, निवाडा १९८६ चा आणि ताबाही तेव्हाच. मग मूळ शंभर रुपयांवर सोळा वर्षांचे १९२ आणि दिलाशाचे ३०, असे ३२२ होतात. वाढीव रकमेवरचं व्याज वेगळं : ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के, पुढे १५. म्हणजे उच्च न्यायालयाने मूळ भावात एक रुपया वाढवला, तर घरात तीन रुपयांहून जास्त येतात. आणि कमी केला, तर तेवढेच परत जातात.

पावतीवर हरकत न नोंदवलेल्यांसाठीही १९८४ ला एक दार उघडलं. त्याच अधिसूचनेतल्या कुणा दुसऱ्याला दिवाणी न्यायालयाने वाढीव भाव दिला, तर न्यायालयाकडे न गेलेल्या माणसाने तीन महिन्यांत कलम २८अ खाली जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, मग त्यालाही तो भाव मिळू शकायचा. गरिबांतल्या गरिबाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही तरतूद मला त्या कायद्यातली सर्वांत माणुसकीची वाटते. पण तीन महिन्यांत शेजाऱ्याच्या निकालाची बातमी त्याच्यापर्यंत पोचायला हवी असायची.

त्याच १९८४ च्या जानेवारीत जासईच्या रस्त्यावर काय घडलं, ते या प्रकरणात सांगितलंच पाहिजे. दि. बा. पाटील जासईचे. १३ जानेवारी १९२६ चा जन्म. पेशाने वकील, शेतकरी कामगार पक्षाचे आमदार, पुढे खासदार आणि विरोधी पक्षनेते. कायदा त्यांना पुस्तकातून माहीत होता आणि कुळांच्या खटल्यांतूनही. तरी जमिनीच्या प्रश्नावर त्यांनी केवळ कोर्टावर भिस्त ठेवली नाही, लोकांना रस्त्यावर उतरवलं. १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मे झाले. दरवर्षी त्या दोन दिवसांत जासईला आणि पागोट्याला त्यांना अभिवादन केलं जातं. या आंदोलनातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं : जेवढी जमीन गेली, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्ताला परत. सरकारने १९९० आणि १९९४ मध्ये त्याचे निर्णय काढले. सामाजिक सुविधांसाठीची कपात वजा जाता प्रत्यक्ष हातात पावणेनऊ टक्के येतात.

हे न्यायालयातून मिळालं नसतं. मी हे ठामपणे म्हणतो, कारण न्यायालयाच्या हातात जो कायदा होता, तो जमिनीची किंमत ठरवायला सांगत होता. वीस-तीस वर्षांनी उभ्या राहणाऱ्या शहरात शेतकऱ्याचा वाटा असावा की नाही, हा प्रश्नच त्या कायद्यात नव्हता. न्यायाधीश कितीही कनवाळू असला तरी तो भाव वाढवू शकत होता, भागीदारी देऊ शकत नव्हता. भागीदारी मागायला दिबांसारखा माणूस आणि त्याच्यामागे गावंच्या गावं उभी राहावी लागली. पण एकदा शासन निर्णय निघाला की गोष्ट बदलते. मग पात्र माणसाला भूखंड नाकारला, यादीतून नाव गाळलं, अर्ज वर्षानुवर्षं दाबून ठेवला, तर ते उच्च न्यायालयासमोर नेता येतं. रस्त्यावर मिळवलेलं कागदावर टिकवायचं काम न्यायालयाचं, आणि ते काम ते अपिलातून नव्हे, रिटमधून करतं.

रिटचा अधिकार संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदातला. देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार, प्राकर्षण अशी त्याची पाच जुनी रूपं सांगतात. कोर्टात मात्र कुणी ती नावं घेत नाही, सरळ ‘रिट टाकली’ म्हणतात. इथे जासईकराने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाचा ३२ व्या अनुच्छेदातला अधिकार फक्त मूलभूत हक्कांसाठी आहे. उच्च न्यायालयाचा अधिकार त्याखेरीज इतर कोणत्याही प्रयोजनासाठीही वापरता येतो. संपत्तीचा हक्क १९७९ पासून मूलभूत राहिला नाही, चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो ३०० अ अनुच्छेदात नेला. म्हणजे सरकारने कायदा डावलून जमीन घेतली, तर शेतकऱ्याला केवळ त्या हक्कापोटी थेट दिल्लीचं दार ठोठावता येत नाही. मुंबईचं येतं. जमिनीच्या बाबतीत राज्याचं उच्च न्यायालय देशाच्या सर्वोच्च न्यायालयापेक्षा शेतकऱ्याला असं अधिक जवळचं आहे.

जासईपासून जवळच असलेल्या पनवेल तालुक्यातल्या वहाळचं उदाहरण ताजं आहे. नवी मुंबईच्या प्रकल्पासाठी तिथल्या जमिनी घेताना सरकारने तातडीचं कारण पुढे करून कलम ५अ ची सुनावणी वगळली होती. हे कलम जमीनमालकाला ‘माझी जमीन का घेता’ हे विचारायची एकमेव संधी देत होतं. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१५ ची संपादनाची घोषणा आणि तिच्या आधारे झालेला निवाडा, दोन्ही रद्द केले. अनेकांना वाटतं की हरकतींची सुनावणी म्हणजे नुसता उपचार, तिथे कुणी ऐकत नाही. बऱ्याचदा ते खरंही असतं. तरीही ती घेतलीच पाहिजे असा आग्रह धरणारी एक जागा राज्यात आहे, म्हणून अधिकारी नोटिसा काढतात.

सरकार कितीही मोठं असलं तरी हा आग्रह टिकतो, याचा दाखला याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले रायगडचे. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत मिळालं. त्यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या आणि बिल्डरांना झालेलं सिमेंटचं वाटप यांचा संबंध आहे, असा निकाल १२ जानेवारी १९८२ ला न्या. बख्तावर लेंटिन यांनी एकट्याने दिला. मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. आणीबाणीत मात्र अशी ताकद दिल्लीत थांबवली गेली. अटकेतल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येते असं देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं, त्यांत मुंबईचंही होतं. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. त्या नऊ न्यायालयांची बाजूच बरोबर होती, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केलं.

खाडीकाठच्या गावांना उच्च न्यायालयाचा सर्वांत मोठा आधार मिळाला तो कांदळवनाच्या बाबतीत. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेवर ६ ऑक्टोबर २००५ रोजी न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला आणि त्यात भराव टाकायला मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्या. अभय ओक आणि न्या. रियाझ छागला यांनी आणखी पुढे जाऊन सांगितलं, की कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या हक्कावरच घाला आहे. कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायचा, लोकोपयोगी प्रकल्पासाठी तोड करायची तर आधी न्यायालयाची परवानगी घ्यायची. उरण तालुक्यात याचा अर्थ अगदी उघड दिसतो. भरतीचं पाणी जिथून आत यायचं ते तोंड मुरुमाने बुजवलं, की दोन-तीन हंगामांत झाडं उभी वाळतात, आणि मग ‘इथे कांदळवन नव्हतंच’ असा दावा होतो. आता गावातला माणूस फोटो काढून, गट नंबर घालून तक्रार करतो, आणि त्याच्या हातात न्यायालयाचा आदेश असतो. न्यायालय परवानगी देतच नाही असं मात्र नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे वीस हजार कांदळवनाची झाडं तोडायला त्याच न्यायालयाने मुभा दिली. उरणच्या कोळ्यांनी तर दुसरी वाट धरली. पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांची भरपाई ठरवली. बंदर, सिडको आणि तेल कंपनी अशा बड्या संस्थांविरुद्ध पारंपरिक मासेमारी करणाऱ्यांनी हा आदेश मिळवला.

उच्च न्यायालयाचं एक काम बाहेरच्याला दिसत नाही. राज्यातल्या सगळ्या खालच्या न्यायालयांचा कारभार त्याच्या हाती असतो. उरणच्या न्यायाधीशाची बदली, बढती, रजा, चौकशी यांत मंत्रालयाचा हात पोचत नाही, कारण २३५ व्या अनुच्छेदाने हे नियंत्रण उच्च न्यायालयाला दिलं आहे. प्रत्येक जिल्ह्यासाठी एक पालक न्यायमूर्ती नेमलेले असतात. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची निवड मुख्य न्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ सहकारी सुचवतात, सर्वोच्च न्यायालयाचं न्यायाधीशमंडळ ती पारखतं, नेमणूक राष्ट्रपती करतात. निवृत्ती बासष्टाव्या वर्षी. मुख्य न्यायाधीश सहसा दुसऱ्या राज्यातून येतात.

मंजूर पदं चौऱ्याण्णव आहेत आणि ती सगळी भरलेली असण्याचे दिवस दुर्मीळ. या न्यायाधीशांवरच मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्याची खंडपीठं चालतात, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंचही. कोल्हापूरकर वकिलांनी त्यासाठी अनेक वर्षं लढा दिला. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आता तिकडे गेले. रायगड मुंबईतच राहिला. मुख्य पीठासाठी वांद्रे पूर्वेला सुमारे तीस एकरांवर नवं संकुल उभं राहायचं आहे. सेतूमुळे फोर्ट जासईला जवळ आलं आहे, तेव्हा रायगडची तक्रार अंतराची नाही. ती वेळेची आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्यात कलम ७४ आहे. प्राधिकरणाच्या निवाड्याविरुद्ध साठ दिवसांत उच्च न्यायालयात अपील करायचं, आणि ते सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करायचा, असं ते सांगतं. ज्याची जमीन या कायद्याखाली गेली आहे, त्याने आपल्या वकिलाला पहिल्याच तारखेला या कलमाचा उल्लेख करायला सांगावा.